कोठीच्या भिंतीवरची रेघ

२०१९ साल. त्या जानेवारीत मीराबाई छप्पन्न वर्षांनी बेटावर परत गेल्या. सोबत नागपूरच्या मिहान या उद्योगनगरीत नोकरी करणारी नात, रोशनी. नवरा वामनराव नागपुरात इंदोरा वस्तीतल्या घरीच राहिले. समुद्राचं नाव निघालं की ते उठून जात.

एके काळी त्या बेटावर किनारा राखणाऱ्या तोफा होत्या आणि वामनराव त्यांवर गोलंदाज होते. १९६३ साली एका दुपारी ते डबा विसरले, म्हणून मीराबाईंनी सहा वर्षांच्या प्रेमानंदला खडकांवरून तोफेकडे धाडलं. भरती चढली. पोरगं सापडलंच नाही. तेव्हापासून घरात एकच भांडण. मीराबाई म्हणत, तो माझ्या छातीला लागत होता, एकटा जाण्याजोगा होता. वामनराव म्हणत, जेमतेम कमरेएवढा होता. फोटो एकही नव्हता. पण त्याच महिन्यात, वाढदिवसाला, वामनरावांनी दारूगोळ्याच्या कोठीच्या भिंतीवर त्याची उंची छिन्नीने कोरली होती. ती रेघ डोळ्यांनी पाहायची, एवढ्यासाठी मीराबाई आल्या होत्या.

तोफा केव्हाच भंगारात गेलेल्या. त्यांच्या गोल ओट्यांवर काटेरी झुडपं माजलेली. कोठीचं छप्पर बसलं होतं, भिंती मात्र उभ्या होत्या. मीराबाईंनी छातीच्या उंचीवर हात फिरवला, मग खाली, आणखी खाली. रेघ सापडली ती गुडघ्याशी.

त्यांचा चेहरा पाहून रोशनी घाईने म्हणाली की आत माती भरलीय, जमीनच वर आलीय. नावाड्याचं पाणी उपसायचं डबडं आणून तिने भिंतीलगत खणायला घेतलं. हातभर माती निघाल्यावर जुनी फरशी लागली. मीराबाई तिचा खांदा धरून खड्ड्यात उतरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रेघ कमरेला आली.

"आजी, तू आता वाकली ना," रोशनी म्हणाली.

"हो. तवा मी ताठ होती. म्हणजे याच्याहूनही लहान दिसत असन तो मले." त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. "मले दिसला कसा नाही?"

नावाड्याने हाक मारली. पाणी चढू लागलं होतं.

घरी पोचल्यावर त्या चप्पल न काढताच वामनरावांच्या खाटेशी गेल्या. "तुमचंच खरं होतं. कमरेएवढाच होता."

 वामनरावांनी हात धरून त्यांना खाटेवर बसवलं.

"नाही वं. मोठा होता तो. घाईत मीच रेघ खाली मारली होती."

तो वाद पुन्हा कधी झाला नाही. वामनराव पुढच्या हिवाळ्यात गेले, मीराबाई त्यानंतर दोन वर्षांनी. कोठीची ती भिंत एका वादळात पडली, असं नावाड्याने रोशनीला फोनवर सांगितलं. रोशनी अजून मिहानातच आहे. तिची मुलगी यंदा पाचची झाली. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची रेघ मारू या, असं नवरा म्हणाला, तेव्हा रोशनीने विषय बदलला.