मागून येणारी पांढरी गाडी

कुलूपकाकांचं खरं आडनाव गल्लीत कुणाला आठवत नसे. चाळीस वर्षं कुलपं उघडण्यात आणि किल्ल्या घासण्यात गेल्यावर माणसाला दुसरं नाव उरतच नाही. घरात मात्र थोरली बहीण त्यांना अजून ‘धाकट्या’ म्हणायची. ते एकसष्टचे, ती अडुसष्टची. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड, आणि त्याला लागूनच ताईची खोली.

ताईचे यजमान, म्हणजे काकांचे दाजी, जाऊन तीन वर्षं झाली होती. दाजी तरुणपणी परदेशात एका पुलाच्या कामावर चार वर्षं होते. तिथे एका विधवा बाईच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. एकदा तापाने एकवीस दिवस अंथरुणाला खिळले, तेव्हा त्या बाईने पोटच्या पोरासारखं त्यांचं केलं. दाजी तिला मावशी म्हणायचे. परत आल्यावर वर्षाला एक पत्र ठरलेलं. ‘तुला एकदा मावशीपुढे नेऊन उभं करायचंय,’ असं ते ताईला पस्तीस वर्षं सांगत राहिले, आणि एका सकाळी दाढी करता करता गेले.

पत्रं ताईने चालू ठेवली. मावशी आता सत्त्याऐंशीच्या होत्या. त्यांनी कळवलं की अमुक आठवड्यात कधीही या, मी घरीच असते, आता कुठे जाणार. ताईच्या मुलाने तिकिटं काढली, पण ऐन वेळी त्याला रजा मिळेना. मग भाच्याऐवजी मामा निघाले. दुकानाची व्हॅन ते तीस वर्षं चालवत होते, तेव्हा भाड्याची गाडी चालवण्याची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती चोरांची.

ती तशी जुनीच. ज्याच्याकडे रोज कुणी ना कुणी फोडलेलं कुलूप घेऊन येतं, त्याला जग चोरांनीच भरलंय असं वाटलं तर नवल नाही. त्यात महिनाभर आधीपासून त्यांनी फोनवर सल्ले गोळा करायला सुरुवात केली. परदेशात रस्त्याने फिरताना काय काय होतं, याची यादीच त्यांना तोंडपाठ झाली. पोलिसाचा वेश घालून अडवतात. अंगावर काहीतरी सांडवून पुसण्याच्या निमित्ताने खिसा साफ करतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागून गाडी घेऊन येतात, दिवे मारतात, हॉर्न वाजवतात, तुमच्या चाकाकडे बोट दाखवतात. तुम्ही भल्या मनाने थांबलात की संपलं.

त्यांनी नियम केले. गाडीत बसलं की आधी दारं लॉक. सीटवर काही दिसता कामा नये. पासपोर्ट एकीकडे, पैसे तीन ठिकाणी, आणि चोराला द्यायला जुनी कार्डं घातलेलं एक खोटं पाकीट. पहिल्याच टोलनाक्यावर त्यांना खरं पाकीट सापडेना आणि मागे रांग लागली, तेव्हा ताई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. पण तिने नियम पाळले. मावशींचं नाव-गाव फोनमध्ये घालून ठेवते म्हणाली तर काका म्हणाले, फोनच हिसकावतात, कागदावर असू दे. म्हणून ते सगळं दाजींच्या निळ्या डायरीत राहिलं आणि डायरी ताईच्या कापडी पिशवीत, चष्मा आणि अर्धवट विणलेल्या शालीसोबत. शाल मावशींसाठी होती.

पाचव्या दिवशी ते मावशींच्या गावाकडे निघाले. दुपारी हमरस्त्यालगतच्या एका पेट्रोल पंपावर थांबले. आत कॉफीची टेबलं होती. काका पैसे द्यायच्या रांगेत होते आणि ताई खिडकीशी विणत बसली होती. ते परत येऊन पाहतात तर तिच्यासमोर एक अनोळखी बाई. पन्नाशीची, मातीने भरलेले बूट, नखांतही माती. बाहेर तिची पांढरी गाडी होती, मागे रोपांच्या कुंड्या खचाखच भरलेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी गप्पा रंगात आल्या होत्या. ती बाई शालीची वीण बोटाने चाचपून पाहत होती आणि ताई तिला टाके मोजून दाखवत होती. मग त्या बाईने ‘थांबा, आलेच’ अशी खूण केली आणि स्वतःच्या गाडीकडे पळाली.

काकांच्या डोक्यात घंटा वाजली. एकजण गप्पांत गुंतवतो, दुसरा हात मारतो, हे त्यांनी वाचलं होतं.

“ताई, ऊठ. निघायचं.”

“अरे, ती तिचं विणकाम आणायला गेलीय.”

“मला माहितीय कशाला गेलीय ते. ऊठ आधी.”

ताई उठली. गाडीपाशी येऊन कोट काढायला तिने पिशवी क्षणभर टपावर ठेवली. तेवढ्यात ती बाई हातात काहीतरी घेऊन धावत येताना दिसली. काकांनी ताईला दंडाला धरून आत बसवलं, दार लावलं, पलीकडून येऊन गाडी सुरू केली. ताईने काचेतून हात हलवला. पंपाच्या बाहेर पडताना वळणावर गाडीला जोराचा हिसका बसला.

दोनेक मैल गेले असतील. आरशात पांढरी गाडी दिसली. दिवे मारत होती. मग हॉर्न सुरू झाला, लांबलचक, थांबून थांबून. तीच बाई होती. एक हात खिडकीबाहेर काढून ती हलवत होती. वाचलेलं सगळं अगदी तसंच्या तसं घडत होतं. त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

ताई मागे वळून पाहत होती. “धाकट्या, थांब जरा. तिच्या हातात काहीतरी आहे. ती काहीतरी दाखवतेय.”

“दाखवतातच. मागे बघू नकोस.”

“अरे, भली बाई आहे ती.”

“सगळे भलेच दिसतात. माझं दुकान काय उगाच चालतं?”

वीस मिनिटं ती मागे होती. एकदा तर शेजारून येऊन ओरडून काही सांगू लागली. काकांनी नजर वळवली नाही. पुढे एका फाट्यावर त्यांनी अचानक गाडी आत घातली आणि मालट्रकांच्या तळाआड उभी केली. पांढरी गाडी हमरस्त्याने सरळ निघून गेली. काकांनी स्टिअरिंगवरचे हात सोडले. छाती जरा फुगली होती. घरी गेल्यावर हे कसं सांगायचं याची त्यांनी मनात जुळवाजुळवही सुरू केली.

ताई चष्म्यासाठी पायाशी चाचपडत होती. मग सीटखाली, मग मागे.

“पिशवी टपावर राहिली रे,” ती म्हणाली.

ते दोघं पंपावर परत गेले. कॉफीवाल्याने खांदे उडवले. वळणावरच्या गवतात एक लोकरीचा गुंडा तेवढा सापडला. पोलीस चौकीत कारकुनाने काय काय गेलं ते विचारलं. एक डायरी, चष्मा, अर्धी शाल. त्याने दोनदा विचारलं, पैसे नाहीत? दागिने नाहीत? मग त्याने लिहून घेतलं, पण त्याचं मन त्यात नव्हतं. पैसे तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे होते.

गावाचं नाव ताईला माहीत होतं. मावशींचं पहिलं नाव तेवढं आठवत होतं, आणि ते तिकडे इतकं सर्रास होतं की नगरपालिकेतल्या चौकशीच्या खिडकीवरची मुलगी हसली. आडनाव लांबलचक, ताईने ते आयुष्यभर डायरीत बघूनच पाकिटावर उतरवलेलं. मुलाला फोन केला, त्यालाही आठवेना. मावशींच्या पत्रांखाली नुसतं पहिलं नाव असे, आणि पाकिटं कुणी जपली नव्हती. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, असं दाजी म्हणायचे. गाव आता वाढलं होतं. पाण्याच्या टाक्या तीन होत्या.

दोन दिवस ते पायी हिंडले. पायी अशासाठी की काकांनी ती भाड्याची लाल गाडी एका बंद, कुलपाच्या तळघरात लावली होती. आता तरी काही जायला नको म्हणून. ताईचे गुडघे सुजले. ती प्रत्येक फाटकापाशी थांबून आत बघायची, कुणी म्हातारी दिसली की घुटमळायची. काका पुढे होऊन तोडक्यामोडक्या शब्दांत विचारायचे. लोक नीट बोलायचे, एकाने तर पाणी दिलं. पण चाळीस वर्षांपूर्वी पुलावर काम करणारा परदेशी भाडेकरू कुणाला ठाऊक असणार? तिसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. वाटेत ताई एकदाच बोलली, घाटात वारा लागतोय, काच वर कर, एवढंच.

घरी आल्यावर ती काही दिवसांनी मुलाकडे राहायला गेली. ती तिकडे असताना तिच्या नावाचं एक पार्सल आलं. शिक्का परदेशातला. काकांनी ते दुकानात फोडलं. आत निळी डायरी होती, चष्मा होता, शाल होती, आणि चार पानांचं पत्र. त्यांनी फोनचा कॅमेरा धरून ओळीओळीने त्याचं मराठी करून वाचलं. मोडकंतोडकं होतं, पण अर्थ लागत होता.

पत्र त्या रोपांवाल्या बाईचं होतं. तिने लिहिलं होतं की पिशवी तुमच्या गाडीवरून माझ्यासमोरच पडली. मी मागे आले, पण तुम्ही घाबरलात. डायरीत पत्ता दिसला, तो माझ्या वाटेवरच्या गावचा, म्हणून दुसऱ्या दिवशी तिथे नेऊन दिली. म्हातारबाई म्हणाल्या, ती येणारच आहे, तूही थांब. मी संध्याकाळपर्यंत थांबले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. त्यांनी वरची खोली झाडून ठेवली होती, पलंगावर नवी चादर घातली होती. दोन्ही दिवस त्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या. पत्ता हरवल्यामुळे तुम्ही गावात फिरत असाल असं मला वाटलं, म्हणून मी तुमची लाल गाडी शोधत गावभर चकरा मारल्या. ती कुठेच दिसली नाही. शाल अर्धी होती. म्हातारबाईंनी ती तशीच दोन दिवस मांडीवर घेतली आणि मग म्हणाल्या, पुरी करून आण म्हणावं. पत्राच्या शेवटी मावशींचा फोन नंबर होता.

काकांनी पत्र घडी करून गल्ल्यात ठेवलं. ताईला त्याच दिवशी फोन करता आला असता. त्यांनी केला नाही. ती आल्यावर समोरासमोर सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खरी गोष्ट अशी की लाल गाडीची ती ओळ तिच्यासमोर वाचायची त्यांची छाती नव्हती. बायकोने दोनदा विचारलं, “वन्संना कळवलंत का?” ते म्हणाले, हो, बघू. असे आठ दिवस गेले. माणूस चोराला भितो तेव्हा निदान लोक त्याला सावध म्हणतात. या भीतीला काही चांगलं नावही नव्हतं.

ताई आली. त्यांनी सगळं तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्यांनी वहीत उतरवलेलं मराठी सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर विचारलं, “कधी आलं हे?”

खोटं बोलता आलं असतं. “आठ दिवस झाले,” ते म्हणाले.

तिने पत्राखालच्या नंबरवर बोट ठेवलं. भाच्याने फोनवर मधे दुभाष्याची सोय करून दिली आणि त्यांनी तो नंबर लावला. मावशींच्या मुलाने घेतला. त्याने सांगितलं की चार दिवसांपूर्वी आईला झटका आला. जीव वाचलाय, पण वाचा गेली. माणसं ओळखते की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. तोवर रोज विचारायची, फोन आला का म्हणून.

त्याने फोन आईच्या कानाला लावला. ताई मराठीतच बोलली. मी आले होते मावशी, असं तिने सांगितलं, गावात होते, दोन दिवस होते. दाजींचं नाव घेतलं. शाल पुरी करते म्हणाली. पलीकडून श्वासाचा आवाज येत होता, तेवढाच. ताई ऐकत राहिली. तिकडे मुलाने आईकडून फोन परत घेतला तरी ताईने आपला फोन कानाला धरूनच ठेवला होता.

त्या रोपांवाल्या बाईला उत्तर कुणी लिहायचं, असा प्रश्न आला नाही. काका स्वतःच बसले. दोन दिवस कागद खराब केले. शेवटी चार ओळी झाल्या: गाडी मी चालवत होतो. तुम्ही चोर आहात असं मला वाटलं. बहीण थांब म्हणत होती. मला माफ करा.

महिन्याने तिचं उत्तर आलं, छोटंसं. त्या रस्त्यावर लुटालूट होते हे खरं आहे, तिने लिहिलं होतं. परक्या देशात मी असते आणि मागून अशी कुणी आली असती, तर मीही थांबले नसते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

कितीतरी दिवसांनी काकांना जरा हलकं वाटलं. ते तसेच वर गेले. ताई खिडकीशी विणत होती. त्यांनी तिला पत्र वाचून दाखवलं, शेवटची ओळ दोनदा.

ताईने टाका पुरा केला. “मोठ्या मनाची आहे ती,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “तिला तू ओळखत नव्हतास, ते ठीकच आहे. पण धाकट्या, मी तर तुझ्या शेजारीच बसले होते ना?”

काकांनी पत्राची घडी घातली. खाली दुकानात कुणीतरी हाक मारत होतं. ते उठले नाहीत.