कादंबरीत मेलेला दादा

दादाने बहिणीची कादंबरी दोन दिवसांत वाचून काढली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्या चष्म्याच्या दुकानातून तिला फोन लावला. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. एकदम म्हणाला, "तुझी किडनी घेऊन मी आठ वर्षं धडधाकट जगतोय, आणि तू मला शेवटून दुसऱ्या प्रकरणात मारून टाकलंस?"

ती तेव्हा दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात गाडीच्या काचा पुसत होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवण्यात तिची उमर गेली होती. शेजारचा शिकाऊ माणूस कुठल्या क्षणी घाबरून भलतंच काहीतरी दाबेल, हे तिला त्याच्या आधी कळायचं. पण दादा असा कचकन ब्रेक मारेल, हे काही तिला कळलं नव्हतं. संध्याकाळी येते, मग काय ते बोल, असं सांगून तिने फोन ठेवला आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसली.

आठ वर्षांपूर्वी दादाच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा वहिनीचा रक्तगट जुळला नव्हता आणि हिचं सगळं जुळलं होतं. तिने एका दमात हो म्हटलं. एकटी राहणारी, कुणाला विचारायचं नव्हतं. ऑपरेशन छान झालं. तेव्हापासून नात्यागोत्यात ती कुठेही गेली की कुणीतरी म्हणायचंच, बहीण असावी तर अशी. हे ऐकून ऐकून तिच्या मनात आलं की यावर पुस्तक लिहायचं. प्रकाशकांच्या दारात ताटकळत बसायचं नाही, आपलं आपण छापायचं.

त्यासाठी ती एका सुट्टीच्या दिवशी, स्वतःचं पुस्तक कसं काढायचं ते शिकवणाऱ्या शिबिराला जाऊन आली. शिकवणाऱ्याने फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे रचलेलं, उजवीकडे खरं. खरं विकलं जातं, तो म्हणाला, कारण लोकांना आपल्या अडचणीवर उत्तर हवं असतं. नवख्या माणसाची कादंबरी फक्त मित्र घेतात, आणि त्यांनाही ती फुकट हवी असते. सगळ्या सभागृहाने ते लिहून घेतलं. हिने नाही घेतलं. तिचं ठरलं होतं. गाडीच्या कप्प्यात कागदपत्रांखाली तिची कायम एक कादंबरी असायची. शिकाऊ माणूस उशिरा आला तरी ती कधी रागावायची नाही, ते त्यामुळेच. आणि दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कादंबरी लिहिली की हे खरंच असं झालं का, असं कुणी विचारत नाही.

वर्षभर पहिल्या शिकवणीच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसून तिने ती लिहिली. कादंबरीतली बहीण शांत, सोशिक, ऑपरेशनच्या खोलीतून हसत बाहेर येणारी. भाऊ काही वर्षं जगतो आणि जातो, मग बहीण त्याच्या उशाशी दीड पान बोलते. ते दीड पान लिहिताना तिला रडू कोसळलं. आपल्याला एवढं रडू येतंय म्हणजे चांगलंच लिहिलं असणार, असं ती धरून चालली. पुस्तकाची पानं मांडून देणारी बाई म्हणाली, एकदा नीट ठरवा, कादंबरी म्हणून काढायचं की अनुभव म्हणून. मुखपृष्ठापासून सगळं त्यावर अवलंबून. तिने डोळ्याची पापणी लवायच्या आत कादंबरी म्हणून सांगितलं. छपाईला जाण्याआधी फक्त दादाने एकदा वाचावी, एवढंच तिच्या मनात होतं.

संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा दादा एका चष्म्याची दांडी वाकवून सरळ करत होता. गिऱ्हाईक गेलं. त्याने कादंबरीचा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसला.

"मेल्याचं मला फार वाईट नाही वाटलं," तो म्हणाला. "थोडं वाटलं. पण ही बाई कोण?"

"कुठली?"

"ही बहीण. हसतेय काय, भावाच्या डोक्यावरून हात फिरवतेय काय. माझ्या बहिणीने ऑपरेशननंतर पाच महिने मला फोन केला नव्हता. ती कुठे गेली?"

बोलण्यासारखं होतं, पण इतक्या वर्षांत ती ते स्वतःशीही धड बोलली नव्हती. तेव्हा हॉस्पिटलात दादा वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत होता आणि ती खालच्या. भेटायला येणारी माणसं आधी वर जायची, काचेबाहेर उभी राहायची, आणि खाली येईपर्यंत भेटीची वेळ संपायची. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसने तिचा खांदा असा काही दुखत होता की टाक्यांचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. खांदा का दुखेल हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर पाण्याची बादली उचलायची नाही. कामावर गेली तर गाडीच्या सीटचा पट्टा नेमका जखमेवर यायचा. आणि येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिलं वाक्य एकच, दादा कसा आहे? तिला राग यायला लागला. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं. ज्याचा भाऊ वाचला त्याने रागवायचं कशावर? मग ती मूग गिळून बसली आणि दादाला फोन करणं तिने सोडून दिलं.

"मला कळत होतं तू चिडली आहेस," दादा म्हणाला. "मला तर वाटायचं, आता ही परत मागते की काय."

तिला हसू फुटलं.

"तो राग कुठे गेला म्हणशील, तर मला सापडला. शेवटून दुसऱ्या प्रकरणात," तो म्हणाला.

हसू तिथेच विरलं. गठ्ठा उचलून ती घरी आली ती फणफणतच. कादंबरीतलं त्याला काय कळतंय, आयुष्यभर चष्म्याचे नंबर काढले ह्याने. दोन दिवस तिने मनातल्या मनात दादाशी भांडून घेतलं. तिसऱ्या दिवशी गाडी झाडाखाली लावून, काचा वर करून, ते उशाशी बोललेलं दीड पान तिने मोठ्याने वाचलं. असं कुणी बोलत नाही. ती तर आयुष्यात कुणाशी असं बोलली नव्हती. तिने मांडणीवाल्या बाईला फोन केला आणि काम थांबवायला सांगितलं. सगळं पुन्हा लिहिणार आहे, म्हणाली, आणि या वेळी रचणार नाही.

हे दादाकडून वहिनीला कळलं आणि वहिनी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात येऊन बसली. कधी नव्हे ती पाणीसुद्धा नको म्हणाली. आठ वर्षांनी आता जगाला सांगणार का, की मी तुला बघायला खाली आले नाही? माझ्या माहेरची माणसं वाचतील. मग जरा मऊ होऊन तिने तोडगा काढला.

"कादंबरीच राहू दे ना. त्यात मी किती चांगली आहे."

"कादंबरीत सगळेच चांगले आहेत, वहिनी. तिथेच तर घोळ झालाय."

"मग नाव घालू नकोस."

"नाव नाही घालणार. पण लिहिणार. आणि तुला दाखवल्याशिवाय छापणार नाही."

वहिनी भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणांकडे बघत म्हणाली, लिहायचंच असेल तर माझंही लिही. मी त्या काचेसमोरून हलले नव्हते. हललं की काहीतरी होईल असं वाटायचं. अंघोळीलासुद्धा घरी गेले नाही. कुणी फळं आणली की मी म्हणायचे, खाली तिला द्या. ती फळं खाली पोचत होती की नाही, मी कधी विचारलं नाही.

ती फळं खाली आली नव्हती. वाटेत कुणी खाल्ली कोण जाणे. दोघींनाही त्याचं हसू आलं, आणि वहिनीने पाणी मागितलं.

तेव्हा तिला कळलं की आपण किती मोठं काम अंगावर घेतलंय. कादंबरीत ती घरची मालकीण होती. म्हणेल तो मरायचा, म्हणेल तो हसायचा. इथे प्रत्येक माणसाकडे जाऊन विचारावं लागत होतं. तिच्याजवळ रात्रपाळीला असलेल्या नर्सला तिने शोधून काढलं. नर्सने सांगितलं, वरचा पेशंट रोज तुमच्याबद्दल विचारायचा आणि आम्ही रोज मजेत आहे म्हणायचो, तसंच सांगायची पद्धत होती. ज्या डॉक्टरांनी खांद्याचं आधी सांगितलं नव्हतं, त्यांच्यासमोर ती तिसऱ्यांदा जाऊन बसली तेव्हा त्यांनी वही ओढली आणि छाती-पोटाच्या मधला पडदा, खांद्याकडे जाणारी शीर, असं चित्र काढून दिलं. काही आठवणी तिच्या साफ चुकीच्या निघाल्या. त्या खोडताना कादंबरीतलं वाक्य खोडण्यापेक्षा जास्त जिवावर यायचं, पण तिने खोडल्या. मध्येच थकून तिने एकदा दादाला म्हटलं, तुला मारणं सोपं होतं रे. तो म्हणाला, मला जिवंत ठेवणं तुला कधी सोपं गेलंय?

वहिनीने आपलं प्रकरण दोनदा वाचलं, एक शब्द बदलायला लावला आणि बाकी तसंच राहू दे म्हणाली. मांडणीवाल्या बाईने पुन्हा विचारलं. या वेळी तिने अनुभव असं सांगितलं.

पुस्तक काही धडाधड खपलं नाही. थोडं दादाच्या काउंटरवरून गेलं, थोडं घरबसल्या मागवणाऱ्यांकडे. एका मावशीने बोलणं टाकलं, घरातली धुणी अशी रस्त्यावर वाळत घालतात का म्हणून. दुसऱ्या मावशीने दोन प्रती मागवल्या.

मग एक दिवस शिकवणीला एक नवा माणूस आला. पहिल्याच वळणावर तिच्या लक्षात आलं की याला गाडी येते, आणि चांगली येते. गिअर टाकताना तो बघतही नव्हता. तिने विचारलं तेव्हा तो ओशाळला. पुढच्या महिन्यात बायकोला किडनी देणार होता. पुस्तक वाचलं होतं, लेखिका इथे शिकवतात असं मागच्या पानावर होतं, पण नुसतं येऊन विचारायचं कसं, म्हणून त्याने नाव नोंदवलं होतं.

"सगळे मला आत्तापासूनच थोर म्हणतायत," तो म्हणाला. "आणि मला भीती वाटतेय. ती सांगायला जागाच नाही उरली."

तिने त्याला गाडी कडेला घ्यायला सांगितली. त्याने आरसा बघून, इंडिकेटर देऊन, नीट कडेला घेतली.

"खांदा दुखेल," ती म्हणाली. "घाबरू नका, तो गॅस असतो, चालत राहिलं की कमी होतो. आता बायकोला काय काय सांगितलं नाहीये, ते मला सांगा."

त्याने इंजिन बंद केलं आणि सांगायला सुरुवात केली.