बावन्न करंगळ्या

“छत्री जरा वर. ओठांपाशी. हं, आता हलू नकोस.”

तिने मिटलेली छत्री बासरीसारखी आडवी धरली आणि खिडकीबाहेर बघत बसली. आजचा बासरीवाला एकतिसावा होता. समोर नवरा फळीला चिमट्याने कागद लावून बसला होता, चष्मा कपाळावर, एक पेन्सिल हातात आणि एक कानामागे. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, नाहीतर बायकोच्या कामात नाक खुपसतात. याने वर्षभराचं काम अंगावर घेतलं होतं. दर आठवड्याला एक, अशी आपल्या आवडत्या बावन्न वादकांची चित्रं. ‘आपल्या आवडत्या’ हे त्याचे शब्द. यादी तिच्या कॅसेटच्या कपाटातून उतरवलेली होती. ती वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची तेव्हा हा पहिल्या रांगेत बसून घोरायचा, हे तिथल्या कुणालाही विचारावं.

त्याचा जन्म कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढण्यात गेला होता. फोटोवरून चेहरे हुबेहूब जमत. हातांचं मात्र घोडं अडायचं, कारण जुन्या फोटोंत ते पुसट असत किंवा कडेला कापलेले. म्हणून दर रविवारी सकाळी तो तिला स्टुलावर बसवी. व्हायोलिनसाठी तिचं स्वतःचं व्हायोलिन पेटीतून बाहेर निघे, बाकी वाद्यांसाठी छत्री, उशी, झाडूचा दांडा. आणि मग समोर जे दिसेल ते तो नकाशासारखं उतरवी. पदरची एक रेघ नाही.

सातव्या चित्राच्या वेळी तिला ते दिसलं. हनुवटीखाली व्हायोलिन धरलेल्या त्या जगप्रसिद्ध म्हाताऱ्याची डावी करंगळी शेवटच्या पेरापाशी बाहेर वळली होती, जशी तिची वळली होती. तिने आधीची सहा चित्रं काढून पाहिली. सगळ्यांच्या हाताला तिचीच करंगळी.

एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी कार्यक्रम संपल्यावर ती गाडीच्या उघड्या दाराशी उभी राहून शेजारच्या वादक बाईशी बोलत होती. डावा हात दाराच्या चौकटीवर होता. त्याने आतून दोनदा ‘चल’ म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. उतरला, फेरी मारून आला आणि दार लावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिने तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, वाऱ्याने आपटलं. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

हाड जुळलं, पण वाकडं. करंगळी तारेपर्यंत पोचेना. तीन महिने ती एकच सूर धरू बघत राहिली, आणि एका सकाळी त्याने वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं, “तीन बोटांनी वाजव की. जमेल तसं.” तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. ती एका संगीतशाळेच्या कचेरीत प्रवेशाचे अर्ज तपासू लागली. वारा मात्र घरात कायमचा राहायला आला. मुलीला, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना वाराच सांगितला गेला. तीही मूग गिळून बसली. पहिल्या दिवशी बोललं नाही की दुसऱ्या दिवशी बोलायला दुप्पट बळ लागतं, आणि एकोणीस वर्षांनी किती लागेल याचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता.

माफी तिला नकोच होती. ‘दार मी लावलं’ एवढे तीन शब्द त्याने एकदा म्हणावेत, तिच्याशी नाही तर निदान दुसऱ्या कुणाशी. सातव्या चित्रापासून तिला वाटू लागलं की तो तेच म्हणतोय. तोंडाने जमत नाही, म्हणून पेन्सिलीने. मग तिला रविवारची ओढ लागली. ती करंगळी नीट दिसेल असा हात धरू लागली. तासाभरात खांदा भरून आला तरी हूं की चूं करत नसे. आणि तो अर्धा मिलिमीटर न चुकता, दर आठवड्याला, ती वाकडी काढत राहिला.

चाळिसाव्या चित्राच्या दिवशी मुलगी घरी आली होती. तिने सगळा गठ्ठा चाळला आणि विचारलं, “बाबा, यात आई नाही?”

“आई आता कुठे वाजवते?” तो रबराचा चुरा फुंकत म्हणाला.

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मांडीवरची उशी नीट धरली. तिला लागलं, अगदी आत लागलं. पण चाळीस करंगळ्या एका बाजूला आणि एक वाक्य दुसऱ्या बाजूला, अशी तिने मनाची समजूत घातली.

वर्ष संपलं तेव्हा मुलीनेच खटपट करून वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. बावन्न चौकटी, चारही भिंती भरून. लोक येत होते, हात किती जिवंत काढलेत म्हणत होते, आणि तो नव्या सदऱ्यात मान डोलवत उभा होता. ती त्याच्यापासून दोन पावलांवर होती. संध्याकाळी वर्तमानपत्रातली एक बाई आली. तिने सगळी चित्रं सावकाश पाहिली आणि परत त्याच्यापाशी येऊन विचारलं,

“एक सांगा, या सगळ्यांची डावी करंगळी वाकडी का आहे?”

तो हसला. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून जवळच्या चित्रापाशी वाकला. मग त्याच्या शेजारच्या. मग पुढच्या. पाचव्या चित्रापाशी त्याचे कान लाल झालेले तिला मागून दिसले.

त्याला माहीतच नव्हतं. वर्षभर जे ती त्याचं बोलणं समजत होती, ते त्याने साधं पाहिलंही नव्हतं.

पण आता त्याने पाहिलं होतं. तो वळला आणि थेट तिच्या हाताकडे बघू लागला. तिने डाव्या हातातली पर्स उजव्या हातात घेतली आणि डावा मोकळा सोडला. उशिरा का होईना, आता तरी बोला. वही उघडून उभी असलेली ही परकी बाई आहे, हिला सांगा.

“ती माझी शैली आहे,” तो म्हणाला.

बाईने ते लिहून घेतलं.

बातमी छान आली. मथळ्यातच वाकड्या करंगळीची शैली होती. त्याने कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलं, आणि आल्यागेल्याला वारा सांगायचा तितक्याच सहजपणे शैली सांगू लागला. पुढल्या रविवारी सकाळी फळीला नवा कागद लागला. या वर्षी गायक काढायचे होते, माइक धरलेले. त्याने स्टूल पुढे ओढलं आणि तिला हाक मारली, “ये, जरा हात दे.”

ती आली, पण बसली नाही.

“अहो, यंदा तुमचाच काढा,” ती म्हणाली. “उजवा.”

“उजव्या हातानेच तर काढतो मी. तो कसा काढणार?”

“मग डाव्याने काढा. जमेल तसं.”

पेन्सिल त्याच्या बोटांत तशीच राहिली. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, किंवा त्याच्यापलीकडच्या कोऱ्या कागदाकडे. ते बघायला ती थांबली नाही. खोलीबाहेर पडून तिने दाराची मूठ धरली, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने चौकटीवर कुणाचं बोट नाही ना हे आधी पाहिलं. मग दार लावलं.