मुऱ्हाळी यान

आमच्या घरातली दोन माणसं सव्वा वर्ष एकमेकांशी बोलत नव्हती आणि मधल्यामध्ये मरण होत होतं ते माझं, म्हणजे चंद्रप्रभाचं.

नवरा नारायणराव, धाराशिवच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. ते फोनवर अंतराळमालिका काढतात. कप्तान स्वतःच, यान पुठ्ठ्याचं, आणि उडवायचं तर खाली तेरखेड्याचा भुईनळा. लेक अस्मिता भूमला सासरी. ती संगणकावर चित्रं हलवून एका मोठ्या, खटल्याच्या घराची विनोदी मालिका काढते. तिच्या एका भागात त्या घरातल्या आजोबांनी टीव्ही लावला आणि टीव्हीवर कोण, तर आमचे कप्तान! चष्मा नाकावर घसरलेला, यानाचं शेपूट पेटलेलं. सगळं गाव हसलं. हे मात्र फुगून बसले. पोरीनं बापाचा तमाशा केला म्हणे. तीही ह्यांचीच लेक. फोन बंद, गेल्या दिवाळीला येणं बंद.

आता दुसरी दिवाळी तोंडावर आली होती. मला लेक घरात हवी होती, बाकी काही नको होतं.

एका दुपारी पाहते तर हे चोरून तिचेच भाग बघताहेत, बोटानं थांबवत थांबवत. मी मागून डोकावले. जेवणाच्या पंगतीत शेवटचं ताट वाढलेलं, पाट रिकामा, आणि पाटावर कप्तानाचं पांढरं शिरस्त्राण. असं किती भागांत आहे, मी विचारलं.

"त्या भांडणानंतरच्या सगळ्यांत," हे म्हणाले आणि उगाच चष्मा पुसत बसले.

मग फोन करा की, मी म्हटलं. पण सरळ फोन करतील ते नारायणराव कसले! त्यांनी आपला नवा भाग काढला. यान उतरलं ते अस्मिताच्या चित्रातल्या निळ्या दारापुढं, अगदी हुबेहूब. कप्तानाच्या हातात लाडवांचा डबा. दारात उभं राहून म्हणाला, "मुऱ्हाळी आलोय. लेकीला दिवाळीला न्यायचंय."

मला रडूही आलं आणि रागही. सासरहून लेक आणायला असं कुणी पुठ्ठ्यातून जातं का?

रविवारी तिचा भाग आला. त्या घरातली थोरली सून पिशवी भरून दारात उभी, वर यान घिरट्या घालतंय. ती मान वर करून कप्तानाला म्हणाली, "ह्या यानात मी बसणार न्हाय. आप्पा, तुम्ही यष्टीनं या."

ह्यांनी तो भाग तीनदा पाहिला. मग मला विचारलं, भूमची पहिली गाडी किती वाजता असते.

वसुबारसेला दुपारी दारात ऑटो थांबली. आधी हे उतरले, काखेत लेकीची पिशवी. मागून ती उतरली, डोक्यावर कप्तानाचं शिरस्त्राण. मी भाकरतुकडा ओवाळायला गेले तर मला तिचा चेहराच दिसेना.

"काढ गं ते," मी म्हणाले. "सव्वा वर्षानं आलीस, तोंड तरी बघू दे."