ऐकून घेणारा माणूस

…केवढंसं ते, शेंगदाण्याएवढं. कातडीच्या रंगाचं, एका बाजूने पिवळट पडलेलं — तळहातावर घेतलं तरी वजन असं जाणवेना. साहेबांचं कानातलं यंत्र. ते लावून साहेब न्यायासनावर बसत आणि अडखळत बोलणाऱ्या साक्षीदारालाही मध्ये तोडत नसत; त्यांच्या कोर्टात उमेदवारीची वकिली करताना त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तर आता, ते गेल्यावर, त्यांच्या चरित्राचं पहिलं वाक्य त्याने बेधडक लिहून टाकलं होतं — ते सर्वांचं ऐकून घेत.

“घरी आले की काढून ठेवायचे,” साहेबांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या.

“कान शिणत असतील.”

“शिणणारच की. पण मी तोंड उघडलं की हात कानाकडे जायचा.” त्या हसल्या. “मग मीही सोकावले. ऐकू जात नाही ना, मग वाट्टेल ते बोलायचं. एकदा जेवताना सांगितलं, उद्या मी हे घर सोडून चाललेय. तर मान हलवून म्हणाले, मीठ अगदी बरोबर पडलंय आज.”

तोही हसला… आणि हसू अर्ध्यावरच विरलं.

“मग?”

“मग काही नाही. आठवडाभर यंत्र कानातून काढलं नाही. झोपतानासुद्धा.”

म्हणजे ऐकलं होतं? की नुसते ओठ वाचले? — चरित्र म्हणजे मुळात चालणं, वागणं. हे त्याला ठाऊक होतं. पण पहिलं चरित्र कुणी सांगितलं असेल? कुणाला तरी कायमचं पोचवून परतणाऱ्या माणसांनीच. वाटेतली शांतता सोसेना म्हणून कुणी म्हणालं असेल, माणूस सोन्यासारखा होता… आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असतील. घरी जी मागे राहिली होती, तिला कुणी विचारलं होतं? मी तरी कुठे विचारलं? सहा महिने इथे येतोय, चहा पितोय, आणि माझा प्रत्येक प्रश्न ‘साहेब’पासून सुरू होतो…

“हे लिहाल?”

“काकू, लोक साहेबांना फार मानतात…”

“मेल्या म्हशीला मणभर दूध!” मग त्यांचा आवाज उतरला. “तसं नव्हे हो. तुम्ही लिहिताय तसे ते होतेच. मी खोटं कशाला म्हणू? पण त्या घरात मीही होते.”

त्याने पेनाचं टोपण लावलं. साहेबांबद्दलचे किती प्रश्न तयार होते, एकही आठवेना.

“तुम्ही कुठे जाणार होतात, काकू?”

हा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांना वाटलंच नसावं. त्यांनी पदर सारखा केला, खुर्ची जराशी पुढे ओढली आणि बोलू लागल्या — आधी तुटक, मग सलग. यातलं काय पुस्तकात जाईल, कुणाच्या पुस्तकात जाईल, त्याला कळत नव्हतं. कळायची घाईही उरली नव्हती. फक्त एक भीती होती, नवी, थंडगार — की आपल्याला असं ऐकायची सवय नाही, आणि काकूंच्या ते लक्षात येईल.