काकांची मान

छापखान्यात फोरमन म्हणून तिची नेमणूक होऊन अडीच महिने झाले होते, पण मशीनमनच्या लेखी ती अजून ताईच होती. म्हणजे चहा आधी तिला, पंख्याचं तोंड तिच्याकडे, बाळाची चौकशी रोज. आणि छपाईचं काही विचारायचं तर ते बाइंडिंगच्या टेबलाशी बसणाऱ्या काकांना. मालक म्हणाले होते, तीन महिने बघू. त्यातले पंधरा दिवस उरले होते आणि पहिलीच्या वाचनाच्या पुस्तकाचं काम आलं होतं, चार हजार प्रतींचं.

सकाळी मशीनमनने नमुन्याचा कागद आणला. मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, मग घडी घातली की ती ओळीने यायला हवीत. तिने घडी घातली. सहावं पान डोक्यावर उभं होतं. तिने लाल पेनने ‘थांबा’ लिहिलं, कागद त्याच्या हातात दिला आणि प्लेट बनवणाऱ्याला फोन करायला आत गेली. नवी प्लेट दुपारी द्यायचं तो कबूल करतोय, तोवर बाहेर धडधड सुरू झाली.

ती तशीच बाहेर धावली. “थांबा लिहिलंय ना मी?” मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

“मशीन रिकामं फिरवून बघताना काकांना दाखवला,” तोही ओरडला. “हो म्हणाले. तुम्ही उगीच जिवाला घोर लावून घेता, ताई. बाळंतपणानंतर होतं असं. आमच्या हिचंही व्हायचं.”

क्षणभर तिला वाटलं, असेलही. घराचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघणारी बाई आपण. पण सहावं पान काही तिच्या बाळंतपणामुळे उलटं झालं नव्हतं. तिने लाल बटण दाबलं.

मशीन थांबलं.

“काका, या कागदाला तुम्ही हो म्हणालात?”

“मी?” काकांनी खळीचा ब्रश खाली ठेवला. “मला वाटलं, चहाचं विचारतोय.”

मशीनमनचा चेहरा उतरला. “अहो, मान हलवलीत ना.”

“तीस वर्षं या धुडाशेजारी बसलोय, बाबा. ते सुरू असलं की मला ढिम्म ऐकू येत नाही. कुणी समोर येऊन तोंड हलवलं, की मी मान हलवतो. माणूस खूश होऊन जातो.”

“आणि मागच्या महिन्यात नमुना दाखवला तेव्हा?” मशीनमनने विचारलं.

“तेव्हाही हलवली असेल.” काका आता खुदुखुदू हसत होते. “बघ हं. बाईची सही नको, बहिऱ्याची मान चालते तुला.”

तिलाही हसू येत होतं. तिने ते गिळलं. “किती कागद गेले?”

“साठेक.”

“रद्दीत टाका. नवी प्लेट येईपर्यंत मशीन पुसून घ्या.”

सवयीने त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हातांनी मान गच्च धरून ठेवली.

दुपारी नवी प्लेट चढली. मशीनमन नमुना घेऊन थेट तिच्या टेबलाशी आला. तिने घडी घातली, एकेक पान पाहिलं. सगळी सरळ. तरी तिने कागद उलगडला, पुन्हा घडी घातली आणि पहिल्या पानापासून पाहायला घेतलं. तेवढ्यात मालक दारात आले.

“अजून सुरू नाही?” त्यांनी मशीनमनला विचारलं.

“सही व्हायचीय, मालक.”

“कुणाची?”

त्याने तिच्याकडे बोट केलं आणि स्वतः स्टूल ओढून बसला. मालकही मग टेबलाला टेकून उभे राहिले. ती अकराव्या पानावर होती.