पास केलेली मशीन

“याले मशीन म्हणते का? थू!” असं म्हणून नरहर गावंडे खरोखरच थुंकला. तेही दुकानाच्या पायरीवर, दुकानदाराच्या देखत.

जेठ महिन्यातली दुपार होती. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या सडकेवरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि ट्रक गेला की धूळ थेट तोंडात येत होती. काउंटरवर झाडं कापायच्या दोन मशिनी मांडल्या होत्या. एक हिरवी, स्वस्तातली. दुसरी नारिंगी, तिच्या तिप्पट किमतीची, अंगावर सोनेरी अक्षरांत ‘प्रोफेशनल’ लिहिलेली. नरहरची थुंकी हिरवीच्या नावानं पडली होती. तिची चेन पडायला आलेल्या दातासारखी हलत होती, तेल गळून काउंटरवर डाग पडला होता आणि पेट्रोलचं झाकण फिरवलं तर त्याचे आटेच नरहरच्या बोटाला लागून बाहेर आले.

“घर के काम को चलता है साहब,” दुकानदार रमेश सेठ म्हणाला. “आपको कौन सा रोज काटना है.”

“रोज नहीं काटना, तो क्या एक ही दिन में मरना है?” नरहर म्हणाला.

शेजारी उभे असलेले नीळकंठ ढोमणे, नरहरच्या थोरल्या बहिणीचे यजमान, रुमालानं मान पुसत हे सगळं सोसत होते. काम त्यांचंच होतं. मंडीदीपच्या पलीकडे त्यांचं अडीच एकराचं वावर. मागच्या आठवड्यात असं वादळ आलं की बांधावरची जुनी बाभूळ मुळासकट उपटून पंपघरावर आडवी झाली. दार दबलं, मोटर आत अडकली आणि मिरचीची रोपं पाण्यावाचून माना टाकायला लागली. दोन लाकूडतोडे येऊन काटे बघून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. तेव्हा नीळकंठरावांनी ठरवलं की मशीन आणायची आणि आपणच कापायचं. वय सत्तर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डाव्या हातातून चहाची बशी अजून निसटायची. पण म्हणाले ना, की मग म्हणाले.

मनोरमाताईनं नवऱ्याला अडवून पाहिलं, ते जमेना तेव्हा एकच अट घातली. “नरहरनं पास केली तरच आणजा. नाई त घरात पाय ठेवू नका.”

आता पास करणं हा नरहरचा जन्माचा धंदा होता. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं तो तपासणी खात्यात होता आणि नीळकंठराव खरेदी खात्यात. म्हणजे भाऊजींनी माल घ्यायचा आणि मेहुण्यानं त्याच्यावर लाल रंगाची फुली मारायची. एकतीस वर्षं हेच चाललं. ठेकेदाराच्या पैशाचा चहासुद्धा नरहर प्यायचा नाही. भाऊजींच्या घरात मात्र कूलर कुणी बसवला हे आख्ख्या टाउनशिपला ठाऊक होतं. दोघं रिटायर होऊन अवधपुरीत एकाच गल्लीत राहायला आले, तरी ते जुनं काही दोघांच्या पोटातून गेलं नाही.

“बरं, हिरवी नको,” नीळकंठराव म्हणाले. “मीच म्हणून राहिलो का हिरवी? आपल्याले नारिंगीच पाह्यजे. आयुष्यात एकदाच घ्याची हाय.”

नरहरनं नारिंगी पुढ्यात ओढली. उलटी केली, सुलटी केली, वास घेतला. मग पुढच्या मुठीसमोरची काळी ढाल पुढं ढकलली. “भाऊजी, हे पाहून घ्या. मशीन कधी कधी उसळी मारते अन् सरळ तोंडावर येते. तवा मनगट या ढालीले लागते अन् चेन जागच्या जागी थांबली पाह्यजे. याले ब्रेक म्हणते. आता ब्रेक लावलेला हाय. ओढा चेन.”

नीळकंठरावांनी चेन ओढली. ती सुळकन फिरली.

“आता हिरवीचाही ब्रेक लावला. तिची ओढा.”

तीही फिरली.

नरहरनं खिशातला चाकू काढला आणि नारिंगीच्या मुठीखाली, कुणाच्या नजरेस न येणाऱ्या जागी, नखाएवढा रंग खरवडला. खालून हिरवा रंग निघाला. अगदी शेजारच्या मशिनीचा. नरहरला इतकी किळस आली की चाकू त्यानं सदऱ्याला न पुसता दुकानाच्या पडद्याला पुसला.

“एकाच मायच्या दोन पोरी हायेत ह्या! एकीले नवं लुगडं नेसवून तिप्पट भाव लावला या हरामखोरानं.”

“अरे साहब, वो प्राइमर है,” रमेश सेठ जराही न गडबडता म्हणाला. “अंदर का अस्तर.”

“प्रायमर हाय ते,” नीळकंठरावही म्हणाले.

“हिरवा प्रायमर? मी एकतीस वर्षं काय शेण तपासत होतो?”

“तू काय तपासत होता ते माह्याशिवाय कोणाले माहीत!” आता भाऊजींचा आवाज चढला. “तुले आजपर्यंत एक तरी वस्तू पसंत पडली का? माह्या लग्नात जिलेबी नापास केली होती तू. पंगतीत बसून! माह्या पोरीले पाहाले आले, त तू पोराची चप्पल पाहून नाक मुरडलं. तुह्या तोंडात नाईशिवाय दुसरा शब्द देवानं घातलाच नाई.”

रमेश सेठ हसला. नरहर दुकानातून उतरून सरळ बस-स्टॉपवर जाऊन उभा राहिला, भाऊजींची वाटही न बघता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनोरमाताईचा फोन आला. आवाज कसा खुशीत होता. “नरहर, लय बरं केलं रे बापा. हे मशीन घेऊन आले. म्हणे नरहरनं पास केली, उलटी सुलटी करून पाह्यली. आता मले काही घोर नाई. उद्या सकाळी जातो म्हणते वावरात.”

“कोणत्या रंगाची हाय?” नरहरनं विचारलं.

“नारिंगी. काऊन?”

नरहरच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. त्याच्या नावावर खोटा शिक्का मारला होता, आणि तोही कुणा परक्यानं नाही. ताईला खरं सांगावं तर रात्रभर घरात महाभारत होणार आणि भाऊजी पहाटेच हट्टानं ती मशीन उचलून चालते होणार. माणसाचा हट्ट आणि लुळा हात, दोन्ही त्यानं बघितलेले होते. आपण शंभर वेळा नाही म्हटलं तरी त्या नाहीला आता कवडीची किंमत नाही, हेही त्याला त्या दुकानातच कळलं होतं. सगळ्याच गोष्टीवर फुली मारत गेलेल्या माणसाची फुली कोण बघतो? स्वतःचीच त्याला शिसारी आली.

“काही नाई,” तो म्हणाला. “उद्या मीही येतो. मी आल्याबिगर सुरू करू नका म्हणजो त्याइले.”

फोन ठेवला आणि बायकोला, सिंधूला, काही न सांगता तो स्कूटर काढून कोटरा सुल्तानाबादकडं निघाला. तिकडं एका खऱ्या कंपनीच्या एजंटाचं दुकान होतं. एजंटानं आधी सगळ्यात मोठी, खरोखरची प्रोफेशनल मशीन पुढं केली. नरहरनं ती उचलली आणि खाली ठेवली.

“ये जंगल काटनेवालों की है, दिन भर चलाने की. हमारा आदमी सत्तर साल का है और एक बाभूळ है. इतना वजन उठाते ही लुढक जाएगा.”

“तो फिर साहब, सस्तीवाली...”

“सस्तीवाली नको!” नरहर मराठीतच ओरडला. मग मधल्या फळीवरची, शेतीवाडीच्या कामाची, हलकी मशीन काढायला लावली. ब्रेक लावून चेन ओढली. हलली नाही. सुरू करून मनगटानं ढाल ढकलली. चेन खटकन थांबली. असं त्यानं सात वेळा केलं. आठव्यांदा एजंटानं घड्याळ बघितलं. ‘आयुष्यात एकदाच’ म्हणून मोठी घेणारे मूर्ख आणि ‘घरचंच काम आहे’ म्हणून कचरा घेणारे मूर्ख, या दोघांच्या मधोमध ही मशीन धूळ खात पडलेली होती.

सकाळी तो वावरात पोचला तेव्हा नीळकंठराव कमरेला पंचा बांधून बाभळीपाशी तयारच होते. काळी जमीन भेगाळून पाय जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या आणि सकाळच्या आठालाच ऊन पाठीला चावत होतं. मिरचीच्या वाफ्याकडं बघवत नव्हतं. नारिंगी मशीन बुंध्यावर ठेवलेली होती आणि तिच्यातून गळलेलं तेल सालीवरून खाली ओघळलं होतं.

नरहरनं आपली मशीन तिच्याशेजारी ठेवली. “ही वापरा.”

“काऊन? माही काय मेली का?”

“तिले ब्रेक नाई, भाऊजी.”

“झालं सुरू.” नीळकंठरावांनी नारिंगीची दोरी धरली. “सरक बाजूले. मले कापू दे, मिरची मरून राहिली.”

“ही चांगली हाय,” नरहर म्हणाला.

दोरी अर्ध्यावरच थांबली. नीळकंठरावांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

“काय म्हतलं?”

“चांगली हाय म्हतलं. पास हाय. मी पाहून आणली.”

“तू चांगली म्हणून राहिला? तू?” म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. त्या नव्या मशिनीकडं, मग मेहुण्याकडं, मग पुन्हा मशिनीकडं पाहिलं. डोळे बारीक झाले. आणि मग हळूहळू त्याच्या सगळ्या सुरकुत्या हसायला लागल्या. “कमिशन भेटलं का बे तुले?”

नरहरच्या कानशिलात गरम झालं. उलटून असं बोलावं की या माणसानं पुन्हा तोंड वर करू नये, असं दहा वेळा मनात आलं. कूलरही आठवला. एकतीस वर्षांत त्याच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं काही जमलं नव्हतं, घरही कर्जानंच झालं होतं. जमलं होतं ते एवढंच, की नरहर गावंडे खात नाही.

समोर भाऊजींचा डावा हात नारिंगीच्या मुठीवर होता. तो आत्ताच थरथरत होता.

“हो,” नरहर म्हणाला. “भेटलं.”

“खरं?”

“खरं. त्याच्यासाठीच म्हणतो, ही चालवा. चालली नाई त माह्यं कमिशन वापस जाईन.”

“अरे वा रे पठ्ठ्या!” नीळकंठरावांनी नारिंगी मशीन अशी बाजूला टाकली, जणू तिच्याशी आयुष्यात कधी नातं नव्हतं. मेहुण्याच्या पाठीत त्यांनी एक थाप मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. “मग पहिलेच सांगतलं असतं त! घरच्या माणसाचं नुकसान थोडीच होऊ देतो मी? आण इकडं. आता आपण सारखे झालो गड्या.”

त्या थापेची जागा नरहरला कितीतरी वेळ वेगळी जाणवत राहिली, घाण लागल्यासारखी. पण मशीन भाऊजींच्या हातात गेली होती.

बाभळीच्या लहान फांद्या पटापट सुटल्या. भुसा उडाला, तुरट ओला वास पसरला. नरहर काटेरी फांद्या ओढून बांधापलीकडं टाकत होता आणि भाऊजी मधूनमधून ओरडून विचारत होते की किती टक्के, पाकिटात दिले की हातात, सिंधूला सांगितलं का. तो ‘हो’ आणि ‘नाई’ म्हणत होता.

पंपघराच्या दारावरचं खोड अर्धं कापून झालं आणि चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं टोक आतल्या एका गाठीला लागलं. मशीन उसळली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती भाऊजींच्या तोंडावर गेली. त्यांचा डावा हात मुठीवरून घसरला, मनगट ढालीवर आपटलं आणि खट् आवाज झाला. फिरती चेन त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर थिजून उभी राहिली. इंजिन नुसतंच फटफटत होतं.

नरहरच्या हातातली फांदी खाली पडली.

नीळकंठरावांनी मशीन खाली घेतली, दोनदा खटका दाबला. चेन फिरेना. त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं, किंवा कळूनही कळून घ्यायचं नव्हतं.

“पडली बंद!” ते म्हणाले. “कमिशनची वस्तू अशीच राह्यते. पाह्यलं का?”

“पाह्यलं,” नरहर म्हणाला. त्यानं पुढं होऊन ढाल मागं ओढली आणि मशीन परत त्यांच्या हातात दिली. “आता चालन. दोन्ही हातानं घट्ट धरा.”

दुपारपर्यंत दार मोकळं झालं. मोटर सुरू झाली, पाइपातून आधी गढूळ आणि मग निवळ पाणी मिरचीच्या वाफ्यात शिरलं. डबा घेऊन मनोरमाताई आली तेव्हा नीळकंठराव पाण्यात पाय सोडून बसले होते आणि तिची चप्पल पायातून निघायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं.

“ऐकलं का? तुह्या भावानं कमिशन खाल्लं! आपल्या गल्लीत आता सगळ्याइले पेढे वाटाले पाह्यजे.”

ताई थांबली. नरहरनं मान खाली घातली आणि मनात म्हटलं, हिला तरी पटणार नाही. हिनं मला कडेवर वाढवलंय. ही म्हणेल, माझा भाऊ असा नाही.

ताईनं डबा उघडला. दोन पोळ्यांवर झुणका घातला, वर ठेचा ठेवला आणि ताट भावाच्या मांडीवर दिलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“घेतलं त घेतलं,” ती म्हणाली. “दिवाळीचा सुकामेव्याचा डबा पोराईच्या हातातून ओढून ठेकेदाराले वापस देऊन आलता तू. सिंधू रडली होती माह्यापाशी. तवाच अशी अक्कल आली असती त पोराईनं चार बदाम तरी खाल्ले असते. जाऊ दे. शहाणा झाला, हेच लय झालं.”

नरहरनं पोळीचा तुकडा मोडला. समोर भाऊजी दोन्ही हातांनी मचमच जेवत होते, नाकाला ठेचा लागला होता. नाक जागेवर होतं. नरहर त्या नाकाकडं बघत घास गिळत राहिला, आणि ताट रिकामं झाल्यावर ताईनं विचारलं तेव्हा अजून एक पोळी घेतली.